दादाला काय झालंय?

माझा मोठा भाऊ सांगलीत टेलिफोन खात्यात लाइनमन होता. खात्याची कंपनी होऊन वीस वर्षं उलटली तरी तो 'खातं'च म्हणायचा. रस्त्याकडेला खड्डा खणून, त्यात मांडी घालून तो केबल जोडायचा. जाड काळ्या केबलच्या पोटात तारांच्या शंभर जोड्या, आणि प्रत्येक जोडीचा रंग ठरलेला: पांढरा-निळा, पांढरा-नारिंगी, पांढरा-हिरवा, पांढरा-तपकिरी, पांढरा-राखाडी. मग लाल, मग काळा, पिवळा, जांभळा, पुन्हा त्याच पाच रंगांबरोबर. शाळा सुटली की मी त्याचा डबा घेऊन जायचे, तेव्हा तो हे मला म्हणून दाखवायचा. पावसाळ्यात केबलमध्ये पाणी शिरलं की गावभागातले निम्मे फोन बंद, आणि दादा दिवस दिवस खड्ड्यात. त्या काळी फोनसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायला लागायचं. ज्या घरी फोन लागायचा तिथं पेढे वाटले जायचे, आणि पहिला पेढा लाइनमनच्या हातावर पडायचा.

हे आधी सांगायचं कारण एवढंच, की दादा अडाणी नाही, भोळाभाबडा तर मुळीच नाही. २०१६ मध्ये दोन हजारांची नोट आली आणि तिच्यात चिप असल्याचं जो तो सांगायला लागला, तेव्हा आमच्या घरात ती गोष्ट पहिल्यांदा कुणी खोडून काढली असेल तर ती दादानं. "अरे, चिपला जागा कळायची तर वीज नको का? बॅटरी कुठाय नोटेत?" एवढं विचारून त्यानं विषय मिटवला होता. चार वर्षांनी तोच माणूस मला पहाटे साडेचारला टॉवरचे व्हिडिओ पाठवायला लागला.

मधल्या काळात काय काय झालं ते बघायला हवं. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत महापूर आला. आयर्विन पुलाजवळ कृष्णा सत्तावन्न फुटांच्या वर गेली, आणि दादाच्या घरात छातीएवढं पाणी होतं. आईच्या पातळांची ट्रंक, लग्नातले फोटो, त्याची हत्यारांची पेटी, सगळं चिखलात. पाणी ओसरल्यावर अख्ख्या गावात एकच विषय होता, कर्नाटकातलं अलमट्टी धरण. सरकारनं नेमलेल्या वडनेरे समितीनं पुढच्या वर्षी सांगितलं की या पुराला अलमट्टी कारणीभूत नाही. गावातला विषय आजही संपलेला नाही. या संशयाला मी वेड म्हणणार नाही. धरणाचे दरवाजे कोण, कधी आणि कुणाला विचारून उघडतं, हे विचारायचा नदीकाठच्या माणसाला पुरेपूर हक्क आहे.

मग ३१ जानेवारी २०२० उजाडला. त्या एका दिवशी बीएसएनएलचे, म्हणजे दादाच्या 'खात्या'चे, देशभरातले सुमारे ७८ हजार कर्मचारी स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडले, त्यांत दादाही होता. तांब्याच्या केबलचं काम तोवर संपतच आलं होतं. लोकांच्या खिशात मोबाइल आले, घरातले फोन परत गेले, आणि पांढरा-निळा, पांढरा-नारिंगी येणाऱ्या माणसाची गरज कुणाला उरली नाही. निरोपाचा हार-नारळ घेऊन तो घरी आला आणि दोन महिन्यांच्या आत टाळेबंदी लागली. रिकामा वेळ, हातात नवा स्मार्टफोन, दार बंद.

कुणीतरी त्याला एका व्हॉट्सअ‍ॅप गटात घेतलं. विषाणू कसला, हे सगळं फाइव्ह-जी टॉवरच्या लहरींमुळे होतंय, असं तिथं चालायचं. भारतात फाइव्ह-जी सुरू झालं ऑक्टोबर २०२२ मध्ये. २०२० साली त्याचं जाळंच नव्हतं, तर आजार कुठून येणार? माझ्या भाच्यानं दादाला हे विचारलं. दादा म्हणाला, "चाचण्या चालू आहेत, सांगत नाहीत." आणि मे २०२१ मध्ये सरकारनं खरोखरच चाचण्यांना परवानगी दिल्याची बातमी आली. परवानगी पुढे मिळणार होती, आजार आधीच आला होता, हा उलटा क्रम त्याच्या लेखी गौण होता. आपण म्हणालो तसं झालं, एवढंच त्याला दिसलं.

पण त्या गटात त्याला बांधून ठेवणारी गोष्ट वेगळी होती. ते लोक त्याला 'सर' म्हणायचे. "सर, तुम्ही खात्यातले, तुम्हीच सांगा." पस्तीस वर्षं नोकरी केलेल्या माझ्या भावाला आयुष्यात कुणी सर म्हटलं नव्हतं. त्याला येणारी गोष्ट जगाला नकोशी झाली त्याच वर्षी दोनशे माणसं त्याला तज्ज्ञ मानायला लागली. आणि एक गोष्ट मला फार उशिरा उमगली, पण आता ती डोक्यातून जात नाही: टॉवरनं दादाचं खरंच वाईट केलं होतं. त्याचं काम, त्याचा मान, त्याच्या हातातली कला टॉवरनंच नेली. फक्त ते ज्या वाटेनं झालं ती वाट साधी होती, आणि साध्या वाटेत रागवायला कुणी सापडत नाही.

त्यानं एक वही केली. दोनशे पानी, आडव्या रेघांची. डावीकडे वर्तमानपत्राची कात्रणं, उजवीकडे तारखा, आणि दोन्ही जोडणाऱ्या रेघा स्केचपेननं. मी ती वही एकदा शांतपणे चाळली. पहिली रेघ निळी, मग नारिंगी, हिरवी, तपकिरी, आणि पाचवी शिसपेन्सिलीची, कारण राखाडी स्केचपेन मिळालं नसावं. या टोकाची कुठली तार त्या टोकाला कुठं निघते, हे शोधण्यात ज्याची हयात गेली तो आता जगातल्या घटनांचे जोड शोधत होता. खात्यात असताना जोड चुकला तर फोन लागायचा नाही, मग तो उघडून पुन्हा करावा लागायचा. वहीतला चुकीचा जोड असा कधीच बोलत नाही.

वहिनीनं मला फोनवर विचारलं, "अगं, हे वेडे तर व्हायला लागले नाहीत ना?"

ती हे रडत म्हणाली नाही. डाळ शिजत टाकून, आवाज बारीक करून म्हणाली. मला त्या प्रश्नात भीती जेवढी ऐकू आली तेवढीच आशाही. आजार निघाला तर गोळी तरी असेल. आजार निघाला तर चारचौघांत लस घेऊन आलेल्या शेजाऱ्याला 'तुम्ही दोन वर्षांचे पाहुणे' म्हणणारा माणूस हा आपला नवरा नव्हे, त्याचा आजार आहे, असं मनाला सांगता येईल. ज्यांच्या घरात असं कुणी आहे त्यांना हा प्रश्न नवा नाही. त्याचं उत्तर मी वाचून, विचारून, शोधत राहिले.

अफवेवर विश्वास ठेवणं हाच आजार म्हटला तर अख्खी गावं आजारी ठरतील. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा लोक म्हणायचे, रुग्णालयात माणसाला मारून त्याच्या अंगातून मोमियाई नावाचं औषध काढतात. त्या ऑक्टोबरात गिरणी कामगारांच्या मोठ्या जमावानं आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. पुढच्या जानेवारीत हाफकिन यांनी आपली लस आधी स्वतःला टोचून घेतली, तरी कुजबुज थांबली नाही. त्या कामगारांच्या घरात शिरून आजारी माणसं उचलून नेली जात होती आणि नेलेली बहुतेक परत येत नव्हती. त्यांच्या भीतीला कारण होतं, तिला मिळालेली गोष्ट खोटी होती.

आणि राईनपाडा. १ जुलै २०१८, धुळे जिल्हा, साक्री तालुका, आठवडी बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडून भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना 'मुलं पळवणारी टोळी' समजून ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून लोकांनी ठार मारलं. मोबाइलवर फिरणाऱ्या अफवेवरून. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घालायचं जाहीर केलं. त्या जमावाला 'मनोरुग्ण' म्हणणं मला संतापजनक वाटतं. तसं म्हटलं की मारणारे सुटतात, आणि कुणाच्या केसालाही धक्का न लावणारे हजारो खरे रुग्ण बदनाम होतात.

मानसोपचारातली माणसं या प्रश्नाशी शंभर वर्षांहून जास्त काळ झगडताहेत. कार्ल यास्पर्स या जर्मन डॉक्टरनं १९१३ मध्ये भ्रमाच्या खुणा लिहून ठेवल्या: विलक्षण खात्री, कुठल्याही पुराव्यानं न हलणं, आणि मुळात अशक्य अशी गोष्ट. या मापानं दादा भ्रमिष्ट ठरतो, हे खरं. पण मग निवडणुकीच्या दिवसांतले आपले निम्मे नातेवाईकही ठरतील. म्हणून अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या नियमपुस्तकानं वर्षानुवर्षं एक अट सांभाळली आहे, की माणसाच्या समाजात किंवा गटात जी समजूत सर्रास मानली जाते ती भ्रमात धरायची नाही. दादाची समजूत दोनशे जण मानतात. रुग्णाचा भ्रम बहुधा त्याच्या एकट्याचा असतो, आणि त्याच्या मध्यभागी तो स्वतः असतो.

तज्ज्ञांनाही हे सोपं जात नाही. नॉर्वेत २२ जुलै २०११ रोजी ब्रेइविक या माणसानं ७७ जणांना मारलं. युरोप बळकावण्याचा कट चाललाय अशी त्याची खात्री होती. न्यायालयानं नेमलेल्या पहिल्या दोन डॉक्टरांनी सांगितलं, याला स्किझोफ्रेनिया आहे. दुसऱ्या दोघांनी तपासून सांगितलं, नाही. ज्या कल्पना पहिल्यांना भ्रम वाटल्या त्या एका विशिष्ट राजकीय वर्तुळात शेकडो लोक रोज लिहीत होते. न्यायालयानं ऑगस्ट २०१२ मध्ये त्याला शुद्धीवर असलेला, जबाबदार माणूस ठरवलं. माझ्या भावाचं त्या माणसाशी काडीचंही साम्य नाही. पण डॉक्टरांच्या दोन जोड्यांना एकच माणूस दोन प्रकारचा दिसला, हे वाचून वहिनीच्या प्रश्नाचं वजन मला कळलं.

केंट विद्यापीठातल्या संशोधकांना २०१२ मध्ये आणखी एक गोष्ट सापडली: राजकन्या डायनानं स्वतःच्या मृत्यूचा बनाव केला असं ज्यांना वाटायचं, त्यांनाच तिचा खून झाला असंही वाटण्याची शक्यता जास्त होती. हे मला तंतोतंत पटलं. दादा सकाळी पाठवायचा की विषाणू प्रयोगशाळेत बनवला, आणि दुपारी पाठवायचा की विषाणू नाहीच. त्याला त्या गोष्टींशी कर्तव्य नव्हतं. वरचे लोक खोटं बोलतात एवढंच त्याचं म्हणणं होतं. महापुरानंतर आणि त्या निरोपाच्या नारळानंतर ते म्हणणं त्याला कुठून सुचलं, हे शोधायला मला लांब जावं लागलं नाही.

एवढं सगळं वाचून मी वहिनीला सांगितलं, "वहिनी, तो काय मानतो ते बघू नकोस. झोपतो का, जेवतो का, आंघोळ करतो का, घाबरतो का, ते बघ."

आणि २०२२ च्या दिवाळीनंतर ते बदललं. फाइव्ह-जी सुरू झालं होतं, पण नुसतं तेवढंच नव्हे. दादा झोपेनासा झाला. रात्री दोनला उठून मागच्या दाराची कडी बघायचा. फोन त्यानं पोह्यांच्या स्टीलच्या डब्यात ठेवायला सुरुवात केली; बाहेरून वहिनीच्या फोनवरून रिंग द्यायची, आत वाजला तर तो डबा आणखी मोठ्या डब्यात. इथवर त्याच्या धंद्यातली पद्धत तरी होती. मग तो म्हणाला की दूधवाला गल्लीच्या तोंडाशी जी शीळ घालतो ती त्याच्यासाठी असते. मग चहाचा वास बदललाय म्हणाला, आणि स्वतःचा चहा स्वतः करायला लागला. वजन उतरलं. गटातही तो लिहीनासा झाला, कारण गटातलेही 'त्यांना सामील' वाटायला लागले.

कट जगाविरुद्ध होता तोवर दादा त्यात दोनशे माणसांबरोबर होता. तो आता त्याच्या एकट्याविरुद्ध झाला होता, आणि त्यात वहिनीसुद्धा दुसऱ्या बाजूला गेली होती. मी त्या रात्रीच्या गाडीनं निघाले.

त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे चल म्हटलं असतं तर तो आला नसता. झोपेसाठी फॅमिली डॉक्टरकडे चल म्हटल्यावर आला, कारण झोप नाही याचा त्यालाही त्रास होता. त्या भल्या डॉक्टरांनी आधी थायरॉइड, बी-बारा आणि साखर तपासायला सांगितलं. साठीच्या आसपास पहिल्यांदाच असा संशय सुरू झाला तर शरीरातलं कारण आधी धुंडाळतात. बी-बारा बरंच कमी होतं. ऐकूही कमी येत होतं, आणि ते आमच्यापैकी कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं. मग त्यांनीच चिठ्ठी देऊन पुढे पाठवलं.

मानसोपचारतज्ज्ञांनी दादाला टॉवरबद्दल एक शब्द विचारला नाही. झोप किती, भूक कशी, कुणी नसताना आवाज येतो का, आयुष्य नकोसं वाटतं का. मग म्हणाले, "दूधवाल्याबद्दल तुम्ही म्हणता ते चुकीचं असण्याची थोडीसुद्धा शक्यता आहे का?" दादा बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "रात्री नाही वाटत. आत्ता थोडी वाटते." डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. रात्रीची एक छोटी गोळी, बी-बाराची इंजेक्शनं, महिन्यानं परत.

दीड-दोन महिन्यांत झोप आली. दूधवाल्याची शीळ साधी शीळ झाली. वहिनीच्या हातचा चहा तो पुन्हा प्यायला लागला, आणि ती त्या दिवशी मला फोन करून फक्त "प्यायले" एवढंच म्हणाली. पण टॉवर तिथंच राहिले. लशीबद्दलचं मत तिथंच राहिलं. गटही पुन्हा सुरू झाला. मी डॉक्टरांना त्याबद्दल विचारलं तेव्हा ते म्हणाले, "भीतीवर माझ्याकडे औषध आहे. मतावर नाही, आणि नसावंच."

ते वाक्य कायद्यातही आहे, जवळजवळ तसंच. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं तिसरं कलम सांगतं की भोवतालच्या समाजाच्या नैतिक, सामाजिक, राजकीय मूल्यांशी किंवा धर्मश्रद्धांशी न जुळणं, या आधारावर कुणाला मानसिक आजारी ठरवता येणार नाही. मला हे कलम फार मोलाचं वाटतं. सासरच्यांचं न ऐकणाऱ्या सुना, घर सोडून निघालेल्या मुली, सरकारला प्रश्न विचारणारी माणसं, या सगळ्यांना वेडं ठरवणं किती सोपं आहे, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. तेच कलम माझ्या भावाच्या टॉवरलाही संरक्षण देतं. दिलंच पाहिजे.

म्हणजे वहिनीच्या प्रश्नाला दोन उत्तरं निघाली, एकाच माणसात, एकमेकांना चिकटून. एक भाग आजार होता, तो उतरला. दुसरा भाग दादा आहे. त्या दुसऱ्या भागासाठी 'त्याचा आजार बोलतोय' असं म्हणायची सोय आता आम्हाला नाही. तो चुकीचं बोलतो तेव्हा माझा भाऊच चुकीचं बोलत असतो, पूर्ण शुद्धीत. त्याच्यावर रागवता येतं, आणि मी रागवतेही. रुग्ण समजून त्याची कीव करण्यापेक्षा मला हे जास्त मानाचं वाटतं, त्याच्यासाठीही.

गेल्या वर्षी भाच्याला, म्हणजे दादाच्या मुलाला, मुलगी झाली. पहिल्या महिनाभरातच दादानं लशीचा विषय काढला. भाच्यानं आवाज न चढवता सांगितलं, "बाबा, तिच्या लशी वेळापत्रकाप्रमाणे होणार. तुम्ही तिला रोज भेटा, पण हा विषय तिच्या आईसमोर काढायचा नाही. काढलात तर आम्ही त्या दिवशी वर निघून जाऊ." आणि दोनदा ते खरोखर उठून वरच्या मजल्यावर गेलेही. भाच्यानं हे फार नेटकं केलं असं मला वाटतं. मायेपोटी बाळाची लस पुढे ढकलणारी घरं मी पाहिली आहेत. दीड महिन्याची लस झाली त्या रात्री पोरीला ताप आला, आणि तिला मांडीवर घेऊन, कपाळावर ओली घडी ठेवत पहाटेपर्यंत जागा राहिला तो दादा. सकाळी म्हणाला, "बघितलंत?" आणि मग तिला वहिनीकडे देऊन दुकान उघडायच्या आत तापाचे थेंब आणायला गेला.

मला तो अजून व्हिडिओ पाठवतो. "तू पुण्यात टॉवरच्या खाली राहतेस, म्हणून पाठवतो," म्हणतो. मी व्हिडिओवर काही लिहीत नाही. त्या खालच्या वाक्यावर लिहिते: बरी आहे, झोप होतेय, तू गोळी घेतलीस का? त्याचं उत्तर दर वेळी येतं.

आता आमची खटपट कानांची आहे. १९८१ मध्ये झिम्बार्डो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही विद्यार्थ्यांना संमोहनातून तात्पुरतं कमी ऐकू येईल असं केलं, आणि कारण त्यांच्या लक्षात येणार नाही अशी व्यवस्था केली. शेजारची माणसं हसताना दिसायची, शब्द कळायचे नाहीत. थोड्याच वेळात ती धडधाकट मुलं संशयी आणि चिडकी झाली. हे वाचल्यावर दादाच्या जेवणाच्या ताटाभोवतीचं सगळं मला वेगळं दिसायला लागलं: आम्ही सगळे बोलतोय, नात काहीतरी करते, आम्ही हसतोय, आणि तो एकेकाच्या तोंडाकडे बघतोय. कानामागे लावायची यंत्रं त्याला चालत नाहीत, त्यांत ब्लूटूथ असतं म्हणून. दुकानदारानं मग खिशात ठेवायचं जुन्या पद्धतीचं यंत्र दाखवलं, डबीसारखं, कानापर्यंत तार येणारं. ते दादानं हातात घेऊन उलटसुलट केलं, तार कुठं जोडली आहे ते नखानं तपासलं आणि म्हणाला, "डाग कच्चा आहे. घरी नेऊन पक्का करतो." दिवाळीपर्यंत ते रोज वापरायचं त्यानं कबूल केलंय. भाऊबीजेला मी जाणार आहे, आणि अलमट्टीवर आमचं भांडण व्हायचं बाकी आहे.